हॅमर, टीपी आणि क्लाउडची किल्ली

(चंद्रपूर येथे वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं आयुष्य लाकूड डेपोच्या नोंदवह्यांत गेलं. त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार या सभागृहात माझ्यापेक्षा अनेकांना जास्त आहे, म्हणून ते काम मी त्यांच्यावर सोडतो. त्यांच्या कामातल्या दोन वस्तू मात्र आजच्यापुरत्या उसन्या घेतो: हॅमर आणि टीपी. माझा विषय पत्रिकेत 'सॉफ्टवेअरच्या बिल्ड लॉगमधून फुटणाऱ्या क्लाउडच्या किल्ल्या' असा छापला आहे. तो वाचून काही जण घरीच थांबले असतील. जे आले त्यांचे दुहेरी आभार.

सगळं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. किल्ली फुटणारच नाही, या भरवशावर कुठलीही यंत्रणा उभी करू नये. फुटली तर ती किती वेळात बाद होते, कुणाच्या हुकमाने बाद होते, आणि तोवर तिने किती दारं उघडतात, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ती उभी करावी. जंगलातल्या कामाला ही अक्कल जुनी आहे. संगणकावर आलो आणि आपण ती विसरलो.

१. हॅमरची शिस्त

आलापल्लीच्या जंगलात साग तोडला, लठ्ठा बल्लारपूरच्या डेपोत आला, आणि तिथून लिलावात विकला जाऊन देशात कुठेही गेला, तरी त्याची ओळख त्याच्या अंगावर हॅमरने, म्हणजे वनखात्याच्या निशाणीच्या हातोड्याने, उमटवलेल्या ठशावरून पटते. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून साग गेला, तेव्हा त्याची बातमी झाली, मिरवणूक निघाली. एरवी बातमी होत नाही. ठसा मात्र प्रत्येक वेळी लागतो. हॅमरचा एक घाव बसला की लाकूड हक्काचं. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ६३ मध्ये वनाधिकाऱ्याची ही निशाणी बनावट उमटवणाऱ्याला किंवा असलेली खोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. म्हणजे कायद्याने लाकूड चोरणं हा एक गुन्हा मानला आणि लाकडाला खोटी ओळख देणं हा दुसरा, वेगळा गुन्हा मानला.

लठ्ठ्याबरोबर दुसरी वस्तू चालते ती टीपी, वाहतूक परवाना. तिचे नियम करण्याचा अधिकार याच कायद्याच्या कलम ४१ मधून येतो. टीपीवर क्रमांक असतो, मालाची जात, नग आणि माप असतं, माल कुठून कुठे जायचा ते असतं, आणि कुठल्या तारखेपर्यंत ते असतं. तिची स्थळप्रत पुस्तकात राहते. सही खरी, शिक्का खरा, लाकूडही खरं, पण तारीख उलटून गेली असेल तर नाक्यावर ट्रक थांबतो. सागाच्या टीपीवर बिजाचं लाकूड भरलेलं निघालं तरी थांबतो. 

या दोन वस्तूंमध्ये चार गुण आहेत. वस्तू कुणाच्या ताब्यात आहे याची नोंद असते. तिने काय करता येतं याला हद्द असते. टीपीला मुदत असते. आणि पुस्तक गहाळ झालं तर ते लपवायचं नसतं, कळवायचं असतं, म्हणजे त्या क्रमांकांवर पुढे कुणी विश्वास ठेवत नाही. नोंद, हद्द, मुदत आणि रद्द करण्याची रीत. हे चार शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

गडचिरोलीने यात पाचवा प्रश्न घातला: हे पुस्तक असावं कुणाच्या हातात? मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. पण टीपी देण्याचा अधिकार वनखात्याकडेच राहिला, त्यामुळे गावाचा बांबू गावाबाहेर जाईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि टीपीचं पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या वतीने देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. पुढच्या वर्षी वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन गौण वनोपजाच्या वाहतूक परवान्याचा अधिकार सगळीकडच्या ग्रामसभांकडे आला. मालकी कागदावर असणं वेगळं आणि ती वापरण्याचं साधन हातात असणं वेगळं, हे गडचिरोलीला कुणी शिकवायला नको.

आता २९ डिसेंबर २०२३ पासून देशभरासाठी 'नॅशनल ट्रान्झिट पास सिस्टिम' सुरू झाली आहे. अर्ज ऑनलाइन, परवान्यावर क्यूआर कोड, नाक्यावर मोबाईल धरला की खरं-खोटं कळतं. सोय मोठी आहे. मी तिच्या विरोधात नाही. पण कुठल्याही अशा व्यवस्थेत परवाना खरा आहे असं सांगणारा आता सर्व्हर असतो, आणि त्या सर्व्हरच्या किल्ल्या ज्याच्याजवळ, हॅमर त्याच्याजवळ. तो हॅमर लोखंडाचा नाही. ती अक्षरांची एक माळ आहे. तिची नक्कल करायला एक सेकंद पुरतो, आणि नक्कल झाली तरी मूळ जागच्या जागी असतं. चोरी झाल्याचं कळतच नाही. 

२. बिल्ड आणि त्याची नोंद

प्रोग्रामरने लिहिलेला कोड तसाच लोकांपर्यंत पोचत नाही. तो एका जागी आणायचा, त्याला लागणाऱ्या इतरांच्या लायब्रऱ्या उतरवायच्या, चाचण्या घ्यायच्या, पॅकेज बांधायचं आणि सर्व्हरवर चढवायचं. या सगळ्याला बिल्ड म्हणतात. पूर्वी हे माणूस करत असे. आता जेनकिन्स, गिटलॅब, गिटहब ॲक्शन्स अशी साधनं आपोआप करतात. पुण्यातल्या कुणी संध्याकाळी एक ओळ बदलली, की कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये एक तात्पुरता संगणक जागा होतो, सगळ्या पायऱ्या पार पाडतो आणि मिटून जातो. 

या यंत्राला सर्व्हरवर पॅकेज चढवायचं असतं, म्हणजे त्याच्याजवळ किल्ली द्यावीच लागते. ॲमेझॉनच्या क्लाउडची कायमस्वरूपी किल्ली दोन भागांची असते: ए-के-आय-ए या चार अक्षरांनी सुरू होणारा २० अक्षरांचा ओळख क्रमांक आणि ४० अक्षरांचं गुपित. ही जोडी हाती आली की जगातून कुठूनही त्या खात्याच्या नावाने हुकूम देता येतात. यंत्राला ओटीपी कोण विचारणार?

आणि हे यंत्र प्रत्येक पायरीवर काय केलं ते लिहीत जातं. तो लॉग. हजारो ओळी असतात, आणि बिल्ड सुरळीत पार पडला तर त्या कुणीही वाचत नाही. फसला तरच लोक उघडतात, तेही शेवटच्या वीस-पंचवीस ओळी. या नोंदी साठून राहतात, टीममधल्या सगळ्यांना दिसतात. प्रकल्प खुला असेल तर सगळ्या जगाला दिसतात. डेपोच्या आवक-जावक वहीत कुणी हॅमर नंबरासकट त्याचा साचाही काढून ठेवला, तर जे होईल ते इथे होतं. 

३. किल्ली नोंदीत जाते कशी

पहिली वाट अगदी साधी. बिल्ड अडला आहे, रात्र झाली आहे, सकाळी साहेबांना दाखवायचं आहे. प्रोग्रामर एक कमांड घालतो: सध्याची सगळी सेटिंग्ज छापून दाखव. त्या सेटिंग्जमध्ये किल्लीही असते. अडचण सुटते, कमांड काढून टाकली जाते. लॉग राहतो. कधी कमांड जशाच्या तशा छापायची सोय चालू राहते, कधी डेटाबेसला जोडणी न झाल्याची तक्रार पासवर्डासकट छापली जाते. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. 

दुसरी वाट साधनांची. एप्रिल २०२४ मध्ये ऑर्का सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं, की ॲमेझॉन आणि गूगल यांच्या क्लाउडच्या अधिकृत कमांडलाइन साधनांतल्या काही आज्ञा काम झाल्यावर उत्तरादाखल सगळी सेटिंग्ज परत छापतात, आणि ती बिल्ड लॉगमध्ये जाऊन बसतात. असाच दोष मायक्रोसॉफ्टच्या साधनात होता. त्यांनी तो नोव्हेंबर २०२३ मध्ये दुरुस्त केला. बाकी दोघांनी मात्र हे साधन ठरल्याप्रमाणेच वागतं आहे, गुपितं अशा सेटिंग्जमध्ये ठेवूच नका, अशी भूमिका घेतली. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं खरं असेल. पण साधन वापरणाऱ्याला ते कुणी सांगितलं होतं का, हा प्रश्न उरतोच.

तुम्ही विचाराल, की ही साधनं गुपित झाकत नाहीत का? झाकतात. गिटहब ॲक्शन्सला सांगून ठेवलेली किल्ली लॉगमध्ये आली तर तिच्या जागी तीन चांदण्या दिसतात. पण ते झाकण मुख्यतः हुबेहूब तीच अक्षरं शोधतं. किल्ली दुसऱ्या रूपात बदलली किंवा मधोमध तोडली, की चांदण्या पडतीलच असं नाही. हे चोरांना ठाऊक आहे, आणि त्याचा पुरावा तिसऱ्या वाटेवर आहे.

१४ मार्च २०२५. गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर 'टीजे-ॲक्शन्स' या नावाखाली एक छोटं मदतनीस साधन आहे. शेवटच्या बदलात कोणत्या फाइली बदलल्या, एवढंच ते सांगतं. २३,००० हून अधिक प्रकल्प ते वापरत होते. कुणीतरी त्यात घुसून असा कोड घातला, की तो बिल्ड यंत्राच्या मेमरीतल्या किल्ल्या शोधून त्या लॉगमध्येच छापेल. आणि झाकणातून सुटाव्यात म्हणून दोनदा रूप बदलून छापेल. चोराला माल कुठे पाठवायची गरजच नव्हती. खुल्या प्रकल्पांचे लॉग सगळ्यांनाच दिसतात. चोरानेही ते वाचावेत, एवढंच. तपासाअंती २१८ प्रकल्पांची गुपितं प्रत्यक्ष उघडी पडल्याचं एंडॉर लॅब्ज या कंपनीने मोजलं. तेवीस हजारांच्या मानाने आकडा लहान वाटतो. पण चोराचा माग मागे काढत गेल्यावर कळलं, की या साधनाचीच किल्ली आधी दुसऱ्या एका साधनातून चोरली गेली होती, आणि तिथलीही आणखी मागच्या तिसऱ्या ठिकाणाहून, डिसेंबर २०२४ मध्ये. एक फुटलेली आणि न बदललेली किल्ली तीन-साडेतीन महिने हातोहात फिरत राहिली.

जुन्या लॉगचं काय होतं, ते ट्रॅव्हिस सीआय या बिल्ड चालवणाऱ्या सेवेच्या प्रकरणात दिसलं. जून २०२२ मध्ये ॲक्वा सिक्युरिटीच्या संशोधकांना तिच्या फुकट वापरकर्त्यांचे ७७ कोटींहून अधिक लॉग एका साध्या पत्त्यावरून क्रमांक बदलत बदलत उतरवता येत होते. काही लॉग २०१३ सालचे होते. त्यांत गिटहब, ॲमेझॉन, डॉकर यांच्या किल्ल्या होत्या. हाच धोका त्या कंपनीला आधी २०१५ आणि २०१९ मध्येही कळवला गेला होता.

४. फुटल्यानंतरची पाच मिनिटं आणि पाच वर्षं

किल्ली फुटल्यावर चोर किती वेळ घेतो? पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ ने ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासात, गिटहबवर उघडी पडलेली ॲमेझॉनची किल्ली पाच मिनिटांच्या आत चोरांच्या आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने उचलल्याचं नोंदलं आहे. त्या किल्लीने त्यांनी भाड्याचे मोठे संगणक सुरू केले आणि त्यांवर आभासी नाणी काढायला लावली. बिल खातेदाराला.

आणि खातेदार किती वेळ घेतो? गिटगार्डियन ही कंपनी दरवर्षी खुल्या गिटहबवर फुटलेल्या गुपितांची मोजदाद करते. २०२४ या एका वर्षात २ कोटी ३८ लाख नवी गुपितं तिला सापडली. पण मला त्याहून गंभीर वाटतो तो दुसरा आकडा: २०२२ मध्ये फुटलेल्या गुपितांपैकी ७० टक्के तीन वर्षांनंतरच्या तपासणीतही चालू होती. चोराची घाई मिनिटांत मोजतात आणि आपली दिरंगाई वर्षांत. सगळा धोका या दोहोंच्या मधल्या जागेत आहे.

टोयोटाचं उदाहरण घ्या. गाडीला मोबाईलशी जोडणाऱ्या तिच्या 'टी-कनेक्ट' सेवेच्या कोडचा काही भाग उपकंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर खुला ठेवला. त्यात माहितीच्या सर्व्हरची किल्ली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ते लक्षात आलं. तोवर २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते धोक्यात होते. त्यांचा गैरवापर झाला की नाही, हे कंपनीला ठामपणे सांगता आलं नाही. चोर आला होता का, याचंही उत्तर देता येत नाही, ही या प्रकारच्या चोरीची खासियत आहे. आणि 'उपकंत्राटदार' हा शब्द इथे अधोरेखित करा.

आपल्याकडे? फेब्रुवारी २०२१ मध्ये 'साकुरा सामुराई' या संशोधक गटाने भारतातल्या सरकारी संकेतस्थळांवर उघड्या राहिलेल्या कोडच्या आणि सेटिंग्जच्या फाइलींमधून नाव-पासवर्डाच्या ३५ जोड्या सापडल्याचं जाहीर केलं. दार फोडावं लागलं नव्हतं.

५. वाघाचा ठावठिकाणा

इथवरच्या गोष्टी कंपन्यांच्या आणि पैशांच्या. चंद्रपूर-गडचिरोलीला याचं काय, असं कुणी विचारलं तर मी पन्नाचं उदाहरण देईन, कारण त्यात वाघही आहे आणि महाराष्ट्रही.

मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पात २०१३ च्या फेब्रुवारीत 'पन्ना-२११' या अडीच वर्षांच्या वाघाला उपग्रह कॉलर लावली होती. ती वाघाचं ठिकाण ठरावीक तासांनी ईमेलने पाठवत असे, आणि तो ईमेल भारतीय वन्यजीव संस्थेतले शास्त्रज्ञ डॉ. के. रमेश यांच्या खात्यावर येत असे. जुलै महिन्यात त्यांना सूचना आली, की त्यांच्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न झाला आहे. ते होते डेहराडूनचे. प्रयत्न झाला होता पुण्यातून. सर्व्हरने तो अडवला. प्रयत्न करणारा शिकारी होता, असं कधी सिद्ध झालं नाही. मला या प्रकरणात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. समजा तो आत शिरला असता, तरी ठिकाणाचे आकडे वाचायला वेगळं सॉफ्टवेअर लागत होतं, आणि तोवर कॉलरची बॅटरीही संपली होती. वाघाची गुप्तता एकट्या पासवर्डच्या भरवशावर नव्हती. हद्द होती, मुदत होती.

आता आपल्याकडची माहिती किती वाढली आहे पाहा. २०२२ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लागले, ४ कोटी ७० लाखांवर छायाचित्रं आली, त्यातली ९७,३९९ वाघांची. महाराष्ट्राचा अंदाज २०१८ च्या ३१२ वरून ४४४ वर गेला, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा या चंद्रपूर जिल्ह्याचा आहे. वनरक्षकाची गस्त आता मोबाईलमधल्या 'एम-स्ट्राइप्स' ॲपवर नोंदली जाते. गावाच्या वेशीवर वाघ आला तर ओळखून सूचना देणारे कॅमेरे ताडोबाच्या बफरमधल्या गावांत आले आहेत. बहुतेक नव्या व्यवस्थांत हे फोटो, ही ठिकाणं, या सूचना कुठल्यातरी सर्व्हरवर साठतात, आणि ते सॉफ्टवेअर कुणीतरी कुठेतरी बिल्ड करत असतं. 

प्रमाण सोडून बोलणार नाही. या जिल्ह्यात वाघ अनेकदा मरतो तो शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने. 'जय' या प्रसिद्ध वाघाचा बछडा श्रीनिवास एप्रिल २०१७ मध्ये नागभीडकडे तसाच गेला. त्याच्या गळ्यात कॉलर होती, तिने त्याला वाचवलं नाही. शिकाऱ्यांच्या टोळ्याही पाणवठे आणि पायवाटा वाचून येतात. जून २०२३ मध्ये गुवाहाटीत वाघाचं कातडं पकडलं गेलं आणि माग गडचिरोलीजवळच्या पालांपर्यंत आला, तेव्हाही त्यांना संगणक लागला नव्हता. पण ज्या माहितीसाठी त्यांना जंगलात दिवसेंदिवस पालं ठोकून राहावं लागतं, ती घरबसल्या मिळू लागली तर जंगलाचं उरलेलं एक संरक्षण, म्हणजे त्याची दुर्गमता, संपतं. ते भाकीत नाही, हिशेब आहे.

दुसरं उदाहरण पैशांचं आहे, आणि ते किल्ली फुटल्याचं नाही हे आधीच सांगतो. ताडोबाच्या सफारीचं ऑनलाइन आरक्षण एका बाहेरच्या एजन्सीकडे होतं. २०२३ मध्ये तिच्यावर सुमारे १२ कोटी १५ लाख रुपयांच्या अपहाराची तक्रार झाली. नंतर आरक्षण वनखात्याच्या सरकारी पत्त्यावर आलं. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. मी एवढंच विचारतो: जंगल सरकारचं, प्रवेशद्वार सरकारचं, पण संकेतस्थळाचा ताबा, त्याच्या सर्व्हरच्या किल्ल्या, पैशांच्या नोंदी कुणाच्या हातात होत्या? मेंढ्याने टीपी-बुकाबद्दल विचारलेला प्रश्नच हा. करार करताना तो विचारला जात नाही.

उद्या ग्रामसभांचे तेंदू आणि बांबूचे हिशेब, मजुरांच्या याद्या, दवाखान्यातल्या नोंदी याच वाटेने जाणार आहेत. काही गेल्याही आहेत. भामरागड-एटापल्लीतल्या माणसाला आपली माहिती कुठल्या सर्व्हरवर आहे ते माहीत नसतं, ती फुटली तर कळतही नाही. ज्याला कळणार नाही त्याच्या वतीने काळजी घेणं, ही आपली जबाबदारी ठरते.

६. मग करायचं काय

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, हा भाग तुमच्यासाठी. हॅमर-टीपीचे ते चार शब्द आता बाहेर काढू.

मुदत. बिल्ड यंत्राला कायमची किल्ली देऊच नका. २०२१ पासून गिटहब ॲक्शन्समध्ये अशी सोय आहे, की बिल्डच्या वेळी यंत्र आपली सही केलेली ओळख क्लाउडला दाखवतं आणि क्लाउड त्याला थोड्या वेळापुरती किल्ली देतो. बिल्ड संपला, तासाभरात किल्ली निकामी. ती लॉगमध्ये छापली गेली तरी उद्या वाचणाऱ्याच्या हाती तारीख उलटलेली टीपी येईल. सगळ्यांत मोठा फायदा याच एका बदलात आहे.

हद्द. फोटो चढवणाऱ्या प्रोग्रामच्या किल्लीने फोटो फक्त चढवता यावेत. जुने वाचता येऊ नयेत, पुसता येऊ नयेत. सागाच्या टीपीवर बिजा नेता येत नाही, मग एकाच किल्लीने सगळं खातं का उघडावं? घाईत 'सगळे अधिकार' ही एकच खूण करायची सवय हे आपल्या धंद्यातलं मोठं दुखणं आहे.

नोंद. कुठली किल्ली कुणी, कशासाठी, कधी काढली याची यादी ठेवा. माणूस नोकरी सोडून जातो, किल्ली मागे राहते. ती काढून टाकायला कुणी धजत नाही, कारण तिने काय चालतं ते कुणालाच आठवत नाही. बाहेरची साधनं वापरताना त्यांची आवृत्ती नेमक्या खुणेने बांधून ठेवा. मार्च २०२५ मधल्या टीजे-ॲक्शन्सच्या प्रकरणात ज्यांनी तशी ती बांधली होती, त्यांच्यापैकी बहुतेक बचावले.

रद्द करण्याची रीत. किल्ली फुटली असं कळलं की लोक आधी लॉग पुसतात. ते उलटं आहे. पाच मिनिटांत नक्कल झालेली असू शकते. पुसून काय साधणार? आधी किल्ली बाद करा. मग त्या किल्लीने काय काय झालं ते क्लाउडच्या नोंदींमधून पाहा. नवी द्या. लॉग सगळ्यांत शेवटी पुसा. आणि ही रंगीत तालीम एखाद्या साध्या दिवशी, काही फुटलेलं नसताना करा. किल्ली बदलल्यावर काय काय बंद पडतं ते तेव्हाच कळेल.

कायदाही आता गप्प नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. म्हणजे लॉगमध्ये किल्ली राहिली तर तीही तेवढे दिवस जपली जाणार, हा त्यातला पेच ध्यानात घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

यापलीकडे एक गोष्ट कायद्याने होत नाही. अनेक फुटलेल्या किल्ल्या सर्वांत आधी टीममधल्या कुणाला तरी दिसतात, बहुधा नव्या मुलाला किंवा मुलीला, कारण लॉग वाचायचं काम त्यांच्याकडे असतं. सांगितलं तर ओरडा बसेल या भीतीने ते बोलत नाहीत, आणि २०२२ ची किल्ली २०२५ मध्ये चालू राहते. टीपी-बुक हरवल्याचं कळवणाऱ्याला जाब विचारला जाईल, विचारावाच. पण न कळवणाऱ्याचा गुन्हा मोठा, हे जंगलात सगळ्यांना माहीत असतं. सॉफ्टवेअरच्या ऑफिसात ते अजून रुजलेलं नाही. साहेब मंडळींनी ते रुजवायचं आहे.

शेवटी वनखात्याचे अधिकारी, जिल्हा परिषद, ग्रामसभा, बँका, दवाखाने, जे जे कुणी सॉफ्टवेअर करवून घेतात, त्यांना एक विनंती. त्यासाठी प्रोग्रामिंग यावं लागत नाही. पुढच्या निविदेत चार प्रश्न छापा. आमच्या सर्व्हरच्या किल्ल्यांची यादी आमच्याकडे असेल का? प्रत्येक किल्लीची मुदत किती आणि तिने काय काय करता येतं? तुमचे बिल्ड लॉग कोण पाहू शकतं आणि ते किती दिवस राहतात? आणि उद्या रविवारी सकाळी आम्ही सांगितलं, की सगळ्या किल्ल्या बाद करा, तर तुम्हाला किती तास लागतील? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तासांत आलं तर पुढे बोला. 'बघावं लागेल' असं आलं, तर जो हॅमर तुमच्या नावाने घाव घालतो आहे, तो तुमच्या हातात नाही, हे समजा आणि सही करण्याआधी तो मागून घ्या.